आतून शटर ओढायचं कसं? पायथॉनचा वेब सर्व्हर त्याच्याच हँडलरमधून बंद करताना

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या मंडळासाठी मी वर्गणीच्या पावत्या लिहायचा एक छोटा प्रोग्राम केला होता. (केशवजी नाईकांच्या चाळीतला गणपती १८९३ सालचा. त्याच्यापुढे आमचं मंडळ म्हणजे कालचं पोर, पण हिशेबाच्या वह्यांचा ढीग बघाल तर उलटं वाटेल.) पायथॉनसोबतच मिळणारा वेब सर्व्हर एचटीटीपी.सर्व्हर, नावं आणि रकमा ठेवायला एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची एक फाइल, आणि मंडपामागच्या खोलीत एक जुना लॅपटॉप. कार्यकर्ते ब्राउझरमध्ये पावती लिहितात, एवढंच.

अडचण यायची ती रात्री. सर्व्हर बंद करायचा तर टर्मिनलमध्ये जाऊन कंट्रोल-सी दाबायला हवं. आमचे खजिनदार काका त्या काळ्या खिडकीला हात लावायला तयार नव्हते. ते सरळ लॅपटॉपचं झाकण मिटायचे. प्रोग्राम नीट बंद झाला तरच दिवसभराच्या फाइलीची प्रत पेन ड्राइव्हवर जाणार होती, ती काही जाईना. मग पानावरच एक बटण द्यायचं ठरलं: ‘आजचं काम बंद’. हँडलरमध्ये, म्हणजे ब्राउझरकडून आलेल्या प्रत्येक मागणीला (रिक्वेस्टला) उत्तर देणाऱ्या कोडात, एका ओळीत सर्व्हर थांबवणारं शटडाउन लिहिलं आणि निवांत झालो. रात्री फोन आला. काका म्हणाले, “अरे, हे नुसतं गोल गोल फिरतंय. बंद होतंय की चालू होतंय?”

पुढे जाण्याआधी लिहिण्याच्या पद्धतीबद्दल सांगतो. इथला कोड मी फोनवर मित्राला सांगावा तसा देवनागरीत दिला आहे. सर्व्ह_फॉरेव्हर असं दिसलं की ते इंग्रजीत, लहान लिपीत, मधल्या अंडरस्कोरसकट टाइप करायचं. क्लासची नावं आणि ट्रू-फॉल्स कॅपिटल अक्षराने सुरू होतात. मी स्वतः ठेवलेली मराठी नावं मात्र जशीच्या तशी टाइप केलीत तरी चालतील, कारण पायथॉन ३ देवनागरी अक्षरांतलं व्हेरिएबलचं नाव बिनतक्रार घेतो. आकड्यांना ती सवलत नाही. कोडात मराठी ५ लिहिलात तर सिंटॅक्स एरर येतो. गंमत म्हणजे इंट() ला अवतरणात मराठी ‘५’ दिलात तर तो बरोबर पाच काढून देतो.

अडकतं कुठे

सर्व्हर चालू ठेवणारं सर्व्ह_फॉरेव्हर ही एक लूप आहे, म्हणजे त्याच त्या कामाच्या फेऱ्या. दर फेरीत ती बघते की कुणी दार वाजवलं का. त्यासाठी एका वेळी जास्तीत जास्त अर्धा सेकंद थांबते. कुणी आलं असेल तर रिक्वेस्ट हँडलरच्या हवाली करते, आणि हँडलर काम उरकून परत आला की पुढची फेरी सुरू होते. मध्येच ‘थांबा’ अशी खूण दिसली तर लूप संपते.

शटडाउन() दोन कामं करतं. आधी ती खूण लावतं, आणि मग लूप खरोखर संपेपर्यंत जागेवरच उभं राहतं. घोळ आहे तो या दुसऱ्या कामात.

कोपऱ्यावरच्या वाण्याचं दुकान डोळ्यांसमोर आणा. दुकानात एकटाच माणूस आहे आणि समोर शेवटचं गिऱ्हाईक उभं आहे. दुकानाचा नियम असा की गिऱ्हाईक आत असेपर्यंत शटर पडणार नाही. आणि त्या माणसाला सांगून ठेवलंय की शटर पडल्याशिवाय हातातलं गिऱ्हाईक सोडायचं नाही. दोघंही नियमाला पक्के असतील तर सकाळपर्यंत एकमेकांकडे बघत उभे राहतील. साध्या एचटीटीपीसर्व्हरमध्ये हँडलर आणि लूप एकाच थ्रेडवर (कोड चालवणाऱ्या एकाच धाग्यावर) चालतात, म्हणजे दुकानात माणूस एकच. हँडलर लूप संपायची वाट बघतो आणि लूप हँडलर परतायची. एरर येत नाही, सीपीयू तापत नाही, लॉगमध्ये एक ओळ पडत नाही. पायथॉनच्या अधिकृत माहितीत हे स्पष्ट लिहिलेलं आहे की शटडाउन वेगळ्या थ्रेडमधून बोलवा, नाहीतर डेडलॉक, म्हणजे अशीच कोंडी, होईल. मी ते वाचलं काकांचा फोन आल्यानंतर.

म्हणून पुढचे सगळे मार्ग एकाच गोष्टीवर उभे आहेत. हँडलरने फक्त निरोप द्यायचा आणि आपलं काम संपवून परतायचं. शटर ओढेल तो बाहेरचा माणूस.

आधी उत्तर, मग निरोप

मार्ग कोणताही घ्या, हँडलरमध्ये कामांचा क्रम हा ठेवा.

पहिल्यांदा आलेली रिक्वेस्ट पूर्ण वाचा. फॉर्ममधून पोस्ट (भरलेला मजकूर सोबत आणणारी रिक्वेस्ट) आली असेल तर कंटेंट-लेंग्थ हेडरमधला, म्हणजे मजकुराची लांबी सांगणाऱ्या वरच्या ओळीतला, आकडा घेऊन तेवढे बाइट सेल्फ.आरफाइल.रीड() ने वाचून काढा, मजकूर कामाचा असो वा नसो. न वाचलेला डेटा सॉकेटमध्ये (कनेक्शनच्या आपल्याकडच्या टोकाला) पडून असताना कनेक्शन बंद केलं तर ऑपरेटिंग सिस्टिम ते सभ्यपणे मिटवण्याऐवजी तोडून टाकू शकते. मग ब्राउझरमध्ये निरोपाच्या पानाऐवजी ‘कनेक्शन रीसेट’ दिसतं आणि काकांचा पुन्हा फोन येतो.

त्यानंतर उत्तर पाठवा: सेंड_रिस्पॉन्स(२००), कंटेंट-टाइप, कंटेंट-लेंग्थ, आणि कनेक्शन: क्लोज हे हेडर. हा हँडलर मुळात एचटीटीपी १.० बोलतो, त्यामुळे उत्तरानंतर कनेक्शन तसंही मिटतं. पण तुम्ही प्रोटोकॉल_व्हर्जन बदलून १.१ केलं असेल तर कनेक्शन उघडं राहतं आणि हँडलर त्याच ब्राउझरच्या पुढच्या रिक्वेस्टची वाट बघत बसतो. क्लोजचं हेडर पाठवलंत की हा प्रश्न येत नाही. कंटेंट-लेंग्थ मोजताना मराठी मजकूर आधी यूटीएफ-८ मध्ये एन्कोड करा आणि मग बाइट मोजा. देवनागरीचं एक अक्षर तिथे ३ बाइट खातं, त्यामुळे नुसती अक्षरं मोजलीत तर पान अर्ध्यावर कापलं जाईल.

निरोपाच्या पानाला लागेल ते सगळं त्या पानातच असू द्या. मी सुरुवातीला त्यात मंडळाचं बोधचिन्ह टाकलं होतं, आणि ते त्याच सर्व्हरवरून यायचं. पान पोचायचं तोवर चित्र द्यायला सर्व्हर शिल्लक नसायचा. त्यामुळे बाहेरची चित्रं नकोत आणि स्टाइलची वेगळी फाइलही नको. ‘हिशेब जतन झाला, आता ही खिडकी मिटा’ एवढी ओळ पुरते. खरं तर जतनाचं काम अजून व्हायचं असतं, म्हणून प्रामाणिकपणे ‘बंद होत आहे’ लिहिलेलं बरं. मी नंतर ते बदललं.

उत्तर गेल्यावरच बंद करायची खूण लावायची.

पहिला मार्ग: स्वतःची लूप

मला हा सगळ्यांत आवडतो, कारण यात लपलेलं काहीच नाही. सर्व्ह_फॉरेव्हर वापरायचंच नाही. एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळणारं हँडल_रिक्वेस्ट() घ्यायचं आणि फेऱ्या आपण मारायच्या. (खालचा १२७.०.०.१ हा पत्ता म्हणजे हाच संगणक, आणि ८००० हा पोर्ट, म्हणजे त्याच्या दाराचा क्रमांक.)

```
सर्व्हर = एचटीटीपीसर्व्हर(('१२७.०.०.१', ८०००), हँडलर)
सर्व्हर.थांबायचं = फॉल्स
ट्राय:
    व्हाइल नॉट सर्व्हर.थांबायचं:
        सर्व्हर.हँडल_रिक्वेस्ट()
फायनली:
    सर्व्हर.सर्व्हर_क्लोज()
    प्रत_काढा()
```

हँडलरमध्ये, उत्तर पाठवून झाल्यावर, एवढीच ओळ:

```
सेल्फ.सर्व्हर.थांबायचं = ट्रू
```

हँडलर परततो, कनेक्शन मिटतं, व्हाइलची अट तपासली जाते आणि लूप संपते. यात दुसरा थ्रेड नाही की कुणाला कुणाची वाट बघावी लागत नाही. बंद करायची खूण रिक्वेस्टखेरीज दुसरीकडूनही लागणार असेल, समजा रात्री साडेअकराला आपोआप, तर सर्व्हर.टाइमआउट = १ ठेवा. नाहीतर पुढची रिक्वेस्ट येईपर्यंत हँडल_रिक्वेस्ट तिथेच बसून राहील आणि अट तपासलीच जाणार नाही.

कमांड लाइनवरच्या प्रोग्रामला ब्राउझरमधून लॉगिन करून घ्यायचं असेल तिथेही हीच रचना बसते. ब्राउझर लॉगिनचा कोड घेऊन १२७.०.०.१ वर परत येतो, आपण तो उचलतो आणि सर्व्हरचं काम संपतं. २०१७ च्या आरएफसी ८२५२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात ही पद्धत सांगितलेली आहे. तिथे पोर्ट ० द्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम रिकामा पोर्ट शोधून देते आणि तो सर्व्हर.सर्व्हर_पोर्ट मध्ये वाचता येतो. मात्र ‘एकदा हँडल_रिक्वेस्ट, की संपलं’ असं करू नका. ब्राउझर आगंतुकासारखा फॅविकॉन (टॅबवरचं छोटं चित्र) मागायला येतो, आणि तुमची एकुलती एक फेरी त्यातच खर्ची पडू शकते.

दुसरा मार्ग: निरोप्या थ्रेड

सर्व्ह_फॉरेव्हर ठेवायचं असेल तर हँडलरमध्ये शेवटी हे लिहा:

```
थ्रेडिंग.थ्रेड(टार्गेट=सेल्फ.सर्व्हर.शटडाउन).स्टार्ट()
```

शटडाउन नंतर कंस नाहीत, ते नीट बघा. कंस घातलेत तर थ्रेड जन्माला यायच्या आधीच शटडाउन हँडलरमध्ये चालेल आणि आपण पुन्हा वाण्याच्या दुकानात. इथे वाट बघायचं काम नव्या थ्रेडकडे जातं, हँडलर मोकळा होऊन परततो, लूपला खूण दिसते आणि ती संपते. सर्व्ह_फॉरेव्हरच्या खालच्या ओळी मग मेन थ्रेडवर नेहमीसारख्या चालतात. सर्व्हर_क्लोज आणि प्रत काढणं तिथे, फायनलीमध्ये. शटडाउन फक्त लूप थांबवतं, ऐकणारं सॉकेट उघडंच राहतं. त्यासाठी सर्व्हर_क्लोज वेगळं लागतं.

एकाच वेळी दोन कार्यकर्ते

दुसऱ्या वर्षी कार्यकर्त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून, त्याच वायफायवर, पावत्या लिहायला सुरुवात केली. पत्ता १२७.०.०.१ चा ०.०.०.० झाला, म्हणजे दार इतर यंत्रांनाही उघडं, आणि एक नवाच त्रास सुरू झाला. कधीकधी सर्व्हर मिनिटभर गप्प बसायचा. कारण असं की ब्राउझर पुढची सोय म्हणून आधीच एखादं कनेक्शन उघडून ठेवतात आणि त्यावर काही बोलत नाहीत. एकट्या माणसाचं दुकान त्या मुक्या गिऱ्हाइकासमोर हात जोडून उभं राहतं. पायथॉन ३.७ मध्ये थ्रेडिंगएचटीटीपीसर्व्हर आला, त्याच्या माहितीत हेच कारण दिलं आहे. तो प्रत्येक कनेक्शनला वेगळा थ्रेड देतो.

पण बंद करण्याचे नियम इथे बदलतात, आणि या ठिकाणी मी सर्वांत जास्त वेळ घालवला.

पहिली गोष्ट, स्वतःच्या लूपचा मार्ग इथे दगा देतो. हँडल_रिक्वेस्ट थ्रेड सुरू करून लगेच परततं, व्हाइलची अट तपासली जाते, आणि तोवर हँडलरने खूण लावलेलीच नसते. लूप पुढच्या रिक्वेस्टसाठी थांबते आणि सर्व्हर बंद होतो तो पुढचं कुणीतरी आल्यावर. तेव्हा थ्रेडवाल्या सर्व्हरला दुसरा मार्ग लावा. इथे शटडाउन थेट बोलवलंत तरी डेडलॉक होत नाही, कारण हँडलर वेगळ्याच थ्रेडवर आहे. तरीही मी निरोप्या थ्रेड ठेवतो. उद्या कुणी सर्व्हरचा क्लास बदलून साधा केला तर तेच बटण पुन्हा गोल गोल फिरायला नको.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. या क्लासचे थ्रेड डेमन असतात, म्हणजे मुख्य प्रोग्राम संपला की ते असतील त्या ओळीवर कापले जातात. काकांनी बटण दाबलं त्याच क्षणी मोबाइलवर कुणी पाचशे एक रुपयांची पावती लिहीत असेल तर? कमिट झालेलं नसेल, म्हणजे नोंद पक्की केलेली नसेल, तर एसक्यूलाइट ती गाळून टाकेल. फाइल बिघडणार नाही, पण पावती गेली ती गेली. म्हणून:

```
क्लास पावतीसर्व्हर(थ्रेडिंगएचटीटीपीसर्व्हर):
    डेमन_थ्रेड्स = फॉल्स
```

आता सर्व्हर_क्लोज चालू असलेल्या प्रत्येक थ्रेडची वाट बघून मगच परततं. (ही वाट बघायची सवय ब्लॉक_ऑन_क्लोज नावाच्या गुणधर्मामुळे, तो मुळातच ट्रू असतो.) आणि इथे तिसरी गोष्ट येते: ते मुकं कनेक्शन! त्याचा थ्रेड कधी संपतच नाही, म्हणजे सर्व्हर_क्लोजही कधी परतत नाही. एक गाठ सोडवावी तर दुसरी पडते. उपाय हँडलरच्या क्लासमध्ये एका ओळीचा आहे:

```
टाइमआउट = ५
```

पाच सेकंद कुणी काही बोललं नाही तर सॉकेट सुटतं आणि थ्रेड संपतो. या दोन ओळी जोडीनेच लिहा, एक लिहून दुसरी विसरू नका. सर्व्हर_क्लोज मात्र हँडलरमधून बोलवायचं नाही. तो थ्रेड स्वतःच्याच संपण्याची वाट बघायला जाईल आणि पायथॉन रनटाइम एरर देईल.

जाता जाता: एसक्यूलाइटचं कनेक्शन ज्या थ्रेडमध्ये उघडलं तिथेच वापरता येतं, तेव्हा थ्रेडवाल्या सर्व्हरमध्ये प्रत्येक रिक्वेस्टला नवं उघडा आणि काम झालं की मिटा.

ज्या वाटांनी जाऊ नये

सिस.एक्झिट() साध्या सर्व्हरमध्ये चालून जातं, म्हणूनच ते फसवं आहे. त्यातून उठणारा सिस्टिमएक्झिट हा एक्सेप्शनच्या कुळातला नाही, त्यामुळे सर्व्हरची एरर पकडणारी जाळी ओलांडून तो थेट बाहेर येतो आणि प्रोग्राम संपतो. तीच ओळ थ्रेडवाल्या सर्व्हरमध्ये लिहा: तो एक थ्रेड गुपचूप संपतो आणि सर्व्हर आपला चालूच.

ओएस._एक्झिट(०) कुठूनही बंद करतं, पण फायनली चालत नाही, अटएक्झिट चालत नाही, बफरमध्ये राहिलेलं लिहिलं जात नाही. काका झाकण मिटायचे त्यात आणि यात फरक काय राहिला?

स्वतःलाच सिग्नल पाठवणं त्यामानाने बरं. ओएस.किल() ला ओएस.गेटपिड() आणि सिगइंट (कंट्रोल-सी चा सिग्नल) दिलं की लिनक्स आणि मॅकवर मेन थ्रेडमध्ये कीबोर्डइंटरप्ट उठतो, तो पकडून आवराआवर करता येते. साध्या सर्व्हरमध्ये मेन थ्रेड म्हणजे तुमचा हँडलरच, तेव्हा उत्तर आधी पाठवलेलं असू द्या. विंडोजवर मात्र ओएस.किल सिगइंटचा मान राखत नाही, प्रोसेस तिथल्या तिथे मारतं. मंडळाचा लॅपटॉप विंडोजचा, हे मी माझ्या लिनक्सवर सगळं तपासून झाल्यावर लक्षात घेतलं. तिथे पायथॉन ३.८ पासून मिळणारं सिग्नल.रेझ_सिग्नल() वापरा.

फ्लास्क, युव्हिकॉर्न, गुनिकॉर्न

फ्लास्क या वेब फ्रेमवर्कसाठी इंटरनेटवरच्या जुन्या उत्तरांत एक युक्ती हमखास सापडते: रिक्वेस्टच्या एन्व्हायरॉनमधून वर्कझॉइग.सर्व्हर.शटडाउन काढायचं आणि बोलवायचं. ती वर्कझॉइग या फ्लास्कखालच्या लायब्ररीच्या २.० मध्ये बाद ठरवली आणि २०२२ मध्ये आलेल्या २.१ मधून काढूनच टाकली. आता ॲप.रन() ऐवजी वर्कझॉइग.सर्व्हिंग मधलं मेक_सर्व्हर() घ्या. ते सर्व्हर हातात देतं, आणि त्याला सर्व्ह_फॉरेव्हर आणि शटडाउन दोन्ही आहेत. सांगितलं नाही तर तो एकाच थ्रेडचा असतो, म्हणजे निरोप्या थ्रेड हवाच. उत्तर गेल्यावरच निरोप निघावा यासाठी रिस्पॉन्स.कॉल_ऑन_क्लोज() मध्ये थ्रेड सुरू करणारं फंक्शन द्या.

फास्टएपीआय हे फ्रेमवर्क युव्हिकॉर्न या सर्व्हरवर चालवत असाल तर युव्हिकॉर्न.सर्व्हर(कॉन्फिग) स्वतः बनवा, रन() करा, आणि हँडलरमध्ये सर्व्हर.शुड_एक्झिट = ट्रू. बस. रीलोड किंवा अनेक वर्कर चालू असतील तर हे लागू नाही, कारण तिथे प्रोसेस एकापेक्षा जास्त असतात.

गुनिकॉर्न या सर्व्हरमध्ये एक मास्टर प्रोसेस बाकीचे वर्कर सांभाळते. तिथे हा नाद सोडा. वर्करने स्वतःला संपवलं की मास्टर दुसरा वर्कर उभा करतो, आणि मास्टरला संपवलंत तर सिस्टिमडी (लिनक्सवर सेवा चालू ठेवणारा प्रोग्राम), रीस्टार्ट=ऑलवेज असेल तर, त्याला उठवून बसवतं. जिथे सर्व्हर सांभाळायला पहारेकरी नेमले आहेत तिथे बंद करायचं ते पहारेकऱ्याला सांगून.

बटण कुणाच्या हातात

पहिल्या वर्षी माझं बटण म्हणजे साधी लिंक होती, नुसता पत्ता उघडला की जाणाऱ्या ‘गेट’ रिक्वेस्टची. एका सकाळी सर्व्हर सुरू केला की दुसऱ्या सेकंदाला बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. अर्धा तास कोड वाचला. मग कळलं की ब्राउझर उघडताना कालचे टॅब परत आणत होता, आणि त्यातला एक टॅब बंद करायच्या पत्त्याचा होता. तेव्हापासून बंद करायचं ते फक्त पोस्टनेच.

पोस्टही पुरत नाही. लॅपटॉपवर उघडलेलं बाहेरचं कुठलंही पान १२७.०.०.१ कडे फॉर्म पाठवू शकतं. सर्व्हर सुरू होताना सीक्रेट्स.टोकन_यूआरएलसेफ(१६) ने एक चिठ्ठी बनवा, ती फॉर्ममध्ये लपवलेल्या फील्डमध्ये ठेवा, आणि परत आल्यावर सीक्रेट्स.कंपेअर_डायजेस्ट ने जुळवा. मोबाइलवाल्यांच्या हाती हे बटण नको म्हणून सेल्फ.क्लायंट_ॲड्रेस[०] हा १२७.०.०.१ नसेल तर ४०३ (परवानगी नाही) परत करा, आणि बटण असलेलं पान लॅपटॉपखेरीज कुणाला दाखवूच नका. हे नेटवर उघडं ठेवायचं काम नाही. एचटीटीपी.सर्व्हर प्रत्यक्ष वापराच्या सर्व्हरसाठी नाही, असं त्याच्या माहितीतच सांगितलं आहे.

करून बघा

एक टर्मिनल घ्या, सर्व्हर सुरू करा आणि बटण दाबा. निरोपाचं पान दिसायला हवं, आणि अर्ध्या-एक सेकंदात टर्मिनलमध्ये प्रॉम्प्ट परत यायला हवा. पेन ड्राइव्हवर आजच्या तारखेची फाइल आली का बघा. लगेच पुन्हा सुरू करा. एचटीटीपीसर्व्हर पत्ता पुन्हा वापरायची परवानगी मुळातच मागून ठेवतो, त्यामुळे लिनक्स-मॅकवर ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ आलं तर जुनी प्रोसेस अजून जिवंत आहे असं समजा आणि ती एलएसओएफ या कमांडने शोधा.

थ्रेडवाल्या सर्व्हरची खरी परीक्षा वेगळी. दुसऱ्या टर्मिनलमधून नेटकॅट या कमांडने ८००० वर कनेक्शन उघडा आणि काहीही न लिहिता तसंच सोडा. मग बटण दाबा. प्रॉम्प्ट पाच सेकंदांच्या आत आला तर टाइमआउटची ओळ जागेवर आहे. दहा सेकंद झाले तरी आला नाही तर ती सर्व्हरच्या क्लासमध्ये लिहिली गेली आहे. तिथून उचला आणि हँडलरच्या क्लासमध्ये ठेवा.